चित्रपटातील स्त्री-चित्रकार आणि इतिहासाचा पुरावा

दक्षिण कोरियात २००८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मीइन्दो' या चित्रपटात जोसोन काळातील चित्रकार शिन युन-बोक याला पुरुषवेषातील स्त्री म्हणून रंगविले आहे. भावाच्या मृत्यूनंतर बहीण त्याचे नाव धारण करते, अशी ही कथा आहे. ऐतिहासिक नोंदींनुसार मात्र १७५८ मध्ये जन्मलेला हा चित्रकार पुरुषच होता व त्याचे वडील शिन हान-प्योंग हे राजदरबारी चित्रकार होते. त्याच्या चरित्राविषयी माहिती अत्यल्प असल्याने कल्पनेस वाव मिळाला. सोल येथील कान्सोंग संग्रहालयातील त्याच्या तीस चित्रांच्या संग्रहात गणिका व स्नान करणाऱ्या स्त्रियांचे सूक्ष्म चित्रण आढळते. परंतु चित्राच्या विषयावरून चित्रकाराचे लिंग सिद्ध होत नाही.

याउलट शिन साइमदांग (१५०४-१५५१) ही खरोखरीची स्त्री-चित्रकार होती. वनस्पती व कीटकांच्या चित्रांसाठी ती प्रसिद्ध असली, तरी विचारवंत यी इ याची आदर्श माता हीच तिची प्रतिमा रूढ झाली. २००९ मध्ये ५०,००० वॉनच्या नोटेवर तिचे चित्र आले, तेव्हा स्त्रीवाद्यांनी याच प्रतिमेवर आक्षेप घेतला होता.

तात्पर्य, पुरुष चित्रकाराला कल्पनेने स्त्री ठरविण्यापेक्षा ज्ञात स्त्री-चित्रकाराला मातृत्वाच्या चौकटीबाहेर काढून तिच्या कलेचे मूल्यमापन करणे, हे इतिहासलेखनाचे अधिक निकडीचे कार्य ठरते.