यादीतलं घर

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं नुकतीच निजलेली. वरून माळवद आलं. उन्हाळ्यात गारवा देणारं, वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेलं माळवद. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृत्यूंचा.

मदत आली, ट्रकच्या ट्रक. जुन्या कपड्यांचे तर ढीग लागले. ५२ गावं नव्या जागी बसवायची ठरली. पण ज्यांच्या भिंती नुसत्या तडकल्या, अशा गावांचं निराळंच. आपलं घर कोणत्या यादीत? पंचनामा झाला का? पैसा हप्त्याहप्त्यानं, मग पुढचा हप्ता कशावर अडला? कुणाला विचारावं हेच उमगत नव्हतं. तलाठी सापडला तर इंजिनिअर नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'नं गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. माझ्या मते मदतीला खरी वाट इथं फुटली. पारावरचे म्हणायचे, "बायांला सिमेटातलं काय कळतंय?" कळत होतं की! माळवदाचा भार उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, हे त्या दारोदार सांगत फिरल्या. हप्ता का थांबला, तेही विचारून यायच्या.

२००१ साली भुज हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या काही बाया गुजरातेत गेल्या, तिथल्या बायांना हेच सगळं सांगायला.