आलेख आणि आकडे यांची गाठ

1786 साली विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. आकडा बदलला की पत्रा नवा! आता एकदम 1981 कडे येऊ. हिशेब व्हिजिकॅल्कमध्ये, आलेख व्हिजिप्लॉटमध्ये, आणि मधे डिफ नावाची फाइल. ती आपणच साठवायची, आपणच पलीकडे उघडायची. कटकट होती खरी, पण आकडे कधी नेले हे नेणाऱ्याला पक्कं ठाऊक असे.

व्हिजिप्लॉटचे कर्ते मिच केपॉर यांनीच 1983 मध्ये लोटस 1-2-3 बाजारात आणले. हिशेब आणि आलेख एकाच घरात नांदू लागले. आकडा बदला, एफ10 दाबा, आलेख नवा. पुढे विंडोजच्या डीडीईने एका प्रोग्रॅमचे आकडे थेट दुसऱ्यात पोचवले, आणि 1992 च्या ओडीबीसीने निरनिराळ्या डेटाबेसांचं दार एकाच किल्लीने उघडलं. फाइल वाहून नेणारा माणूस मधून गेला.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना खरा रस आहे तो इथे. बांधलेला आलेख आपण आरसा म्हणून पाहतो. पण जोडणी तुटली तर तो पुष्कळदा कोरा होत नाही. शेवटचं चित्र तसंच दाखवत राहतो. म्हणजे बघा, आरशाचा गुपचूप फोटो झाला! नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत. इथे तर स्मृती प्रत्यक्षाचा वेष घेऊन समोर बसते, आणि आपण त्यावर निर्णय घेतो. आकडे कोणत्या वेळचे, हे आलेखाखाली बहुधा आपोआप उमटत नाही. प्रोग्रॅमरला ते वेगळं लिहावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.