मोडलेले हाड आणि पडलेला खाडा

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा आम्हांला एखाद्या ऐतिहासिक विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखाद्या गाजलेल्या संपाचा इतिहास असावा. आम्ही विषय कळविला तो अस्थिभंगाच्या उपचारांचा. चिटणीस थोडे चपापले. हा डॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात कामगार संघटनेच्या माणसाने कशाला शिरावे, असे त्यांनी मोठ्या सौजन्याने सुचविले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमचे शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते नुकसानभरपाईच्या केशी चालविताना, गरज पडली म्हणून वाचले. पण हाडे मोडलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती हाडे बरी का झाली नाहीत याची कारणे तर त्याहून अधिक ऐकली आहेत.

एकच उदाहरण सांगतो. आमच्या संघटनेतला एक हमाल पोते घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असता घसरला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. डॉक्टरांनी हाड नीट बसविले, प्लास्टर घातले आणि पायावर भार न देता तीन महिने काढायला सांगितले. पाचव्या आठवड्यात या गृहस्थाने सुरीने भिजवून भिजवून प्लास्टर स्वतःच कापले आणि तो कामावर हजर झाला. हाड वाकडे जुळले. पुढे आम्ही त्याच्यावर रागावलो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “दादा, डॉक्टरांनी तीन महिने लिहून दिले, पण तीन महिन्यांचे किराणा कोण लिहून देणार?” ज्यांच्या मालाची ती पोती होती त्यांनी पहिल्या आठवड्यातच हात झटकले होते. हा प्रश्न आम्हांला पुस्तकांपर्यंत घेऊन गेला, आणि पुस्तकांत जो माणूस भेटला तो लिव्हरपूल बंदरातला.

प्रथम हाडाचे थोडे समजून घेतले पाहिजे. मोडलेले हाड डॉक्टर जोडीत नाही. ते स्वतःच जुळते. मोडल्या जागी रक्त साकळते, त्यात मऊ कूर्चेसारखा सांधा धरतो, मग त्यात चुना भरत जाऊन तो कठीण होतो. वैद्याचे काम दोनच गोष्टींचे: टोके सरळ रेषेत आणणे आणि सांधा पक्का होईपर्यंत ती हलू न देणे. लहान मुलाचे हाड कोवळ्या फांदीसारखे असते, पुष्कळदा ते एका बाजूने मोडते व दुसऱ्या बाजूने नुसते वाकते, आणि जुळतेही लवकर. चार वर्षांच्या मुलाची मांडी महिना-दीड महिन्यात जुळते. तेच हाड मोठ्या माणसाला तीन महिने आणि अधिकही खाटेवर ठेवते. आता मुलाला घरात कोंडून ठेवणे कठीण, हे कोणतीही आई सांगेल. पण त्यात तिचा रोज बुडत असेल तरच घरातली चूल अडते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती अडतेच.

ही कामे पूर्वी करी कोण? आपल्याकडे जसे हाडवैद्य, तसेच इंग्लंड-वेल्समध्ये पिढीजात हाड बसविणारे होते. वेल्सच्या टोकाला अँगलसी नावाचे बेट आहे. तेथल्या एका घराण्याबद्दल अशी कथा आहे की, अठराव्या शतकाच्या मध्याला एक फुटलेले गलबत किनाऱ्याला लागले, त्यातून एक परक्या भाषेचा मुलगा वाचला, आणि त्याच्या हातांत हाडे बसविण्याची उपजत कला होती. या घराण्यातला इव्हान थॉमस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला येऊन राहिला. गोदीतले मजूर, खलाशी, जहाजे बांधणारे कारागीर यांची त्याच्या दारी रीघ लागे. पदवीधर डॉक्टरांनी त्याला कोर्टात खेचले. त्याने यावर जो उपाय काढला तो आम्हांला फार आवडतो: त्याने आपल्या पाचही मुलांना वैद्यक शिकवून डॉक्टर केले!

त्यांतला थोरला ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४ चा. एडिंबरो आणि लंडन येथे शिकून तो १८५७ मध्ये शस्त्रवैद्य झाला, काही काळ बापाच्या हाताखाली राहिला आणि मग पटेना म्हणून वेगळा झाला. त्याला कोणत्याही मोठ्या इस्पितळात जागा मिळाली नाही. त्याने ती मागितलीही नसावी. नेल्सन स्ट्रीटवरील ११ नंबरच्या घरात त्याचा दवाखाना होता, आणि दवाखान्याला लागूनच एक कारखाना. तेथे एक लोहार आणि एक कातडीकाम करणारा कारागीर सतत कामाला असत. रोगी समोर आला की त्याच्या मापाचे लोखंड तिथल्या तिथे वाकवायचे, कातडे चढवायचे आणि ते अंगावर बसवायचे. मोठे डॉक्टर ज्याला हत्यारे विकणाऱ्या दुकानाचे काम समजत, ते हा माणूस स्वतः उभे राहून करवून घेई. अंगाने किरकोळ, तोंडात सिगारेट, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट आणि एका डोळ्यावर ओढलेली टोपी, असे त्याचे ध्यान होते. रविवारी तो गरिबांना फुकट तपासी.

त्याच्या धंद्याचा मोठा आधार होता कामगारांच्या आजारपणाच्या मंडळांचा. त्या काळी बंदरातले कारागीर दर आठवड्याला थोडी थोडी वर्गणी टाकून मंडळ चालवीत. सभासद आजारी पडला की मंडळ त्याला खर्चाला देई आणि डॉक्टरचे बिलही भरी. थॉमसच्या चरित्रांत ही गोष्ट जाता जाता सांगितलेली आढळते. आमच्या मते तिथेच सगळी मेख आहे. कारण थॉमसचे सारे शास्त्र एका शब्दात सांगता येते: विश्रांती. १८७५ मध्ये त्याने खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या रोगांवर पुस्तक छापले. त्यात त्याचा आग्रह असा की, दुखऱ्या सांध्याला सक्तीची, मध्ये खंड न पडणारी आणि पुरेशी लांब विश्रांती द्या. त्या काळी क्षयाने सांधा किडला की तो कापून काढण्याकडे किंवा पायच तोडण्याकडे शस्त्रवैद्यांचा कल असे. थॉमस म्हणे, थांबा. पण थांबणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी मंडळाचे पैसे येतात त्याला. नाहीतर थॉमसचा कामगार रोगी आणि आमचा तो हमाल यांत फरक काय राहिला असता?

मुलांच्या खुब्याचा क्षय ओळखण्याची त्याची युक्ती आजही डॉक्टर वापरतात. असे मूल पाठीवर निजविले की वरवर दोन्ही पाय सरळ दिसतात, कारण ते कंबर उचलून दुखणे लपविते. मग त्याचा चांगला गुडघा पोटाशी दाबायचा. कंबर खाली टेकते आणि दुखऱ्या बाजूची मांडी आपोआप वर उठते. यंत्र नाही, खर्च नाही. दोन हात आणि एक टेबल पुरे.

त्याचे प्रसिद्ध साधन म्हणजे थॉमसची खपाची. जांघेत बसणारे कातड्याने मढविलेले लोखंडी कडे, त्याला पायाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन सळ्या, आणि त्या पावलाच्या पलीकडे एकत्र आलेल्या. पाय खाली ओढून त्या टोकाला बांधला की कडे वर ढुंगणाच्या हाडाला टेकते, आणि ताण कायम राहतो. त्याने ही केली होती गुडघ्याच्या रोगासाठी. तिचे खरे मोल पुढे कळायचे होते.

१८७३ मध्ये थॉमसच्या बायकोचा पुतण्या रॉबर्ट जोन्स हा सोळा वर्षांचा मुलगा शिकायला या घरी येऊन राहिला. काका तिरसट, पुतण्या गोड बोलणारा. काकाचे शास्त्र जगाने ऐकले ते पुतण्याच्या तोंडून. त्याची पहिली मोठी परीक्षा झाली ती मँचेस्टरच्या जहाजी कालव्यावर.

मँचेस्टरच्या कापड-कारखानदारांना समुद्र हवा होता. म्हणून ५८ किलोमीटर लांबीचा, मोठी जहाजे जातील एवढा कालवा खणण्यास १८८७ मध्ये सुरुवात झाली. ऐन भरात १६ हजारांवर मजूर कामाला होते. वाफेची खोदयंत्रे, मातीच्या गाड्या, सुरुंग, चिखल, आणि वर काम उरकण्याची घाई. दरडी कोसळत, गाड्या रुळांवरून घसरत. जखमी माणूस जवळच्या गावी पोचेपर्यंत पुष्कळदा उशीर होई. १८८८ मध्ये जोन्सची तेथे मुख्य शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक झाली. त्याचे वय होते एकतीस.

त्याने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. सबंध कालव्याचे त्याने भाग पाडले, वाटेवर तीन इस्पितळे उभी केली आणि त्यांच्यामध्ये जागोजाग प्रथमोपचाराची ठाणी ठेवली. माती वाहण्यासाठी कालव्याच्या कडेने रूळ टाकलेले होतेच. त्याच रुळांवरून जखमी माणूस इस्पितळात येई. थॉमसच्या पद्धतीत तयार झालेल्या परिचारिका तेथे ठेवल्या. म्हणजे ज्या ठिकाणी हाड मोडले तेथेच त्याला आधार, तेथून थेट त्या कामातल्या जाणत्या माणसाकडे, आणि बरा होईपर्यंत त्याच माणसाची नजर. पाच वर्षांत सुमारे तीन हजार अपघात या व्यवस्थेखालून गेले. शहरातल्या नामांकित इस्पितळांत तेव्हा मोडलेला पाय म्हणजे शिकाऊ डॉक्टरकडे ढकलायचे काम होते, आणि इकडे चिखलात राबणाऱ्या मजुराला त्या देशातला उत्तमातला उत्तम हाडांचा डॉक्टर मिळत होता.

आम्ही काही ठेकेदारांची स्तुती करायला उभे नाही. माणूस लवकर उभा राहिला तर काम लवकर उठते, हा हिशेब त्यात होताच. अपघात झाल्यावर मालकाने भरपाई द्यावी, मग चूक कोणाची का असेना, असा कायदा इंग्लंडात झाला तो १८९७ मध्ये. म्हणजे कालवा पुरा होऊन १८९४ च्या जानेवारीत त्यातून जहाजे जाऊ लागल्यावर तीन वर्षांनी. ज्यांनी तो खणला त्यांतल्या पुष्कळांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

थॉमस हे शेवटपर्यंत पाहायला राहिला नाही. १८९१ च्या जानेवारीत वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो वारला. लिव्हरपूलच्या रस्त्यांवर त्याच्या प्रेतयात्रेला हजारो कामकरी बायापुरुष उभे होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि १८९६ च्या फेब्रुवारीत जोन्सने लिव्हरपुलातच प्राध्यापक ऑलिव्हर लॉज यांच्या मदतीने एका मुलाच्या मनगटात रुतलेली गोळी त्या किरणांनी शोधून काढली. श्रॉपशर परगण्यात ॲग्नेस हंट या परिचारिकेने १९०० मध्ये पांगळ्या मुलांसाठी उघड्या हवेतले घर काढले. ती स्वतः लहानपणच्या आजाराने खुब्याने अधू झालेली. जोन्स तेथे येऊन मुलांवर शस्त्रक्रिया करी. बरी झालेली मुले पुढे पोट कसे भरणार हा प्रश्न तिला पडला, आणि १९२७ मध्ये तिने त्यांच्यासाठी धंदेशिक्षणाचीही सोय केली.

पहिल्या महायुद्धात थॉमसची खपाची खंदकांत पोचली. गोळीने मांडीचे हाड फुटलेला शिपाई नुसत्या झोळीतून नेला की दर धक्क्याला टोके मांसात घुसत आणि मांडीत लिटर-लिटर रक्त साचे. पुष्कळ वाटेतच संपत. सुरुवातीला अशांतले शेकडा ८० मरत हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो फुगलेला असावा असे अलीकडच्या काही अभ्यासकांनी दाखविले आहे, आणि आम्हांलाही ते पटते. पण १९१७ मध्ये आरासच्या लढाईत अशा १००९ जखमींचा हिशेब ठेवला गेला, त्यांत मेले ते शेकडा १६ च्या आसपास. झोळी वाहणाऱ्यांना ही खपाची डोळे बांधून बसविण्याची कवायत देत असत, म्हणजे अंधारातही हात चुकू नये. एका लोहाराच्या भट्टीतून निघालेली ती वस्तू!

मात्र आमच्या हमालाच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर लिव्हरपूलला मिळाले नाही, ते व्हिएन्नात मिळाले. तेथे लोरेन्त्स ब्योलर नावाच्या शस्त्रवैद्याने कामगार अपघात विमा संस्थेपुढे साधा हिशेब मांडला. वाकडे जुळलेले हाड म्हणजे जन्माचे पेन्शन. नीट जुळलेले हाड म्हणजे काही आठवड्यांचा खर्च. संस्थेला हिशेब पटला, आणि १९२५ च्या डिसेंबरात तिच्या पैशाने केवळ अपघातग्रस्तांसाठी एक इस्पितळ उघडले. जगभरचे डॉक्टर ते पाहायला जाऊ लागले. दयेची भाषा तेथे कोणी बोलले नाही. वहीखात्याची बोलले, आणि त्यामुळेच काम झाले.

आपल्याकडे भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी होती: कोणते बोट गेले तर मिळविण्याची शक्ती शेकडा किती कमी झाली, त्याचे कोष्टक. या कोष्टकावर आम्ही वर्षे काढली आहेत. तुटलेल्याचा हिशेब त्यात ठीक लागतो. वाकड्या जुळलेल्याचा लावताना घाम फुटतो. १९४८ चा राज्य कामगार विम्याचा कायदा त्याच्या पुढे गेला: इलाज आणि खाड्याचे पैसे दोन्ही एकाच ठिकाणी, वर्गणी कामगाराची आणि मालकाची. लिव्हरपूलच्या त्या मंडळांचेच हे मोठे भावंड. पण पुरेशी माणसे असलेल्या कारखान्याच्या हजेरीपटावर ज्याचे नाव, त्यालाच ते लागू होते. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तरी ज्याची नोंद मंडळात झाली नाही तो बाहेरच. आमचा तो हमाल नोंद नसलेला होता. त्याचा अर्ज आम्ही भरून दिला होता; अपघाताच्या दिवशी तो एका टेबलावर पडून होता.

पुढे त्याची नोंद झाली. आता तो पोती उचलत नाही. बाजारात काट्यावर चिठ्ठ्या लिहितो. मागे त्याच्या धाकट्या मुलीचा हात कोपराशी मोडला, तेव्हा त्याने तिला सरकारी इस्पितळात नेले आणि डॉक्टरांनी सांगितले त्याहून एक आठवडा अधिक तिचा हात गळ्यात बांधून ठेवला. हात सरळ आहे. आम्ही पाहिला.