सातवाहन : कूळ, भूमी आणि भाषा

हैदराबादेत इतिहास शिकविणाऱ्या मराठी शिक्षकापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. मराठी घरात वाढलेला विद्यार्थी सातवाहनांना महाराष्ट्राचे आद्य राजघराणे म्हणून ओळखतो. त्याच्या शेजारच्या बाकावरील तेलुगु विद्यार्थी त्याच राजांना आंध्रांचे पहिले सम्राट म्हणून ओळखतो. एकाच्या डोळ्यांपुढे पैठण, नाशिक आणि नाणेघाट असतात. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अमरावती, धान्यकटक आणि कोटिलिंगाल. दोघांपैकी कोणीही निराधार बोलत नसतो, आणि म्हणूनच शिक्षकाची पंचाईत होते. या वादाचा निकाल लावण्याचा आव प्रस्तुत लेखात आणलेला नाही. एका प्रश्नाच्या पोटात येथे तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि एकाचे उत्तर मिळाले की उरलेल्या दोहोंचेही मिळाले असे आपण गृहीत धरून चालतो, एवढेच दाखवावयाचे आहे. राजकुलाचे नाव काय होते, हा पहिला प्रश्न. त्याची सत्ता प्रथम कोठे रुजली, हा दुसरा. आणि त्याची व त्याच्या प्रजेची भाषा कोणती, हा तिसरा.

प्रथम नावाचा विचार करू. मत्स्य, वायू, विष्णू, भागवत इत्यादी पुराणे या घराण्यास ‘आंध्र’ किंवा ‘आंध्रभृत्य’ म्हणतात. मत्स्यपुराण त्यांना सुमारे ४६० वर्षांचा राज्यकाल देते, तर वायुपुराण ३०० वर्षांचा. यावरून पौराणिक वंशावळी किती जपून वापरावयास हवी हे कळतेच. ‘आंध्रभृत्य’ या समासाने तर विद्वानांना बराच काळ गुंतवून ठेवले. तत्पुरुष मानला तर ‘आंध्रांचे सेवक’, आणि कर्मधारय मानला तर ‘जे आंध्र तेच सेवक’, म्हणजे पूर्वी दुसऱ्या कोणाची चाकरी केलेले आंध्र. एका समासाच्या विग्रहावर एका राजवंशाचे मूळ अवलंबून राहावे, ही गोष्ट व्याकरण शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आंध्र हे लोकनाम फार जुने आहे. ऐतरेय ब्राह्मणात ते पुंड्र, शबर, पुलिंद यांच्याबरोबर येते आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही येते. परंतु सातवाहनांच्या स्वतःच्या लेखांत ते कोठेही आढळत नाही. नाशिकच्या लेण्यातील कृष्ण राजाच्या काळचा लेख ‘सातवाहन’ कुळाचाच निर्देश करतो. नाणेघाटात नागनिकेच्या लेखाजवळ ज्या प्रतिमा एके काळी उभ्या होत्या, त्यांच्यावरील नावांत पहिले नाव सिमुक सातवाहनाचे आहे. गौतमी बलश्रीने आपल्या नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षी नाशिकला जी प्रशस्ती कोरविली, तीत गौतमीपुत्र सातकर्णीच्या सत्तेखालील देशांची यादी आहे. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती अशी ती नावे. त्यांत आंध्र नाही.

एवढ्यावरून मराठी अभ्यासकाने हर्ष मानण्याचे कारण नाही, कारण त्या यादीत महाराष्ट्रही नाही. ‘महारठि’ ही पदवी सातवाहनकालीन लेखांत येते. खुद्द नागनिकेचा पिता महारठि होता. पण पदवी म्हणजे देशनाम नव्हे. तात्पर्य, ज्या दोन नावांसाठी आपण भांडतो, त्यांपैकी एकही या राजांनी आपल्या लेखांत स्वतःसाठी वापरलेले नाही. ते स्वतःस सातवाहन म्हणवीत, आणि प्रतिस्पर्धी रुद्रदामन्‌ इ. स. १५० च्या जुनागढ लेखात त्यांच्या राजाला ‘दक्षिणापथपती’ म्हणतो. दक्षिणापथ ही कल्पना आपल्या दोन्ही प्रांतांहून मोठी आहे.

आता भूमीचा प्रश्न. व्हिन्सेंट स्मिथ आणि रॅप्सन यांनी पुराणांना अनुसरून या वंशाचे मूळ कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडे मानले. त्यावर १९१८-१९ मध्ये वि. सी. सुखटणकरांनी भांडारकर संस्थेच्या पत्रिकेत कडक आक्षेप घेतला. बेल्लारी भागातील म्याकदोनीच्या लेखात ‘सातवाहनिहार’ आणि हिरेहडगळ्ळीच्या ताम्रपटात ‘सातहनिरट्ठ’ अशी प्रदेशनामे येतात, म्हणून मूळ तेथे असावे असे त्यांनी सुचविले. पुढे वा. वि. मिराशी यांनी विदर्भाचा पक्ष मांडला. नाशिकच्या लेखातील ‘बेनाकटक’ म्हणजे वेनगंगेचे खोरे असा अर्थ त्यांनी लावला. पश्चिम महाराष्ट्राचा पक्ष घेणाऱ्यांचा मुख्य आधार असा की, सर्वांत जुने लेख नाशिक व नाणेघाट येथे आहेत, कलिंगराज खारवेलाने सातकर्णीकडे जे सैन्य पाठविले ते पश्चिम दिशेस पाठविले, आणि आंध्रच्या किनारी भागातील लेख पुळुमावीच्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दिसू लागतात.

हा पक्ष जवळजवळ स्थिर झाल्यासारखा वाटत असतानाच १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोटिलिंगालची नाणी पुढे आली. तेव्हाच्या करीमनगर जिल्ह्यातील, आता जगत्याल जिल्ह्यात असलेल्या, गोदावरीकाठच्या या गावी खुद्द सिमुकाची नाणी सापडली, आणि त्यांच्याबरोबर गोबद, नारण, समगोप इत्यादी स्थानिक सत्ताधीशांचीही. पी. व्ही. परब्रह्मशास्त्री यांनी त्यांवरून असे प्रतिपादन केले की, हे घराणे प्रथम तेलंगणात उदयास आले आणि तेथून पश्चिमेकडे गेले. यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, नाणे चालते, शिलालेख चालत नाही. व्यापाऱ्याच्या कनवटीला लागून नाणे कोठवरही जाऊ शकते. हा आक्षेप खरा आहे. पण त्याच न्यायाने नाणेघाटालाही प्रश्न विचारता येतो. घाटमाथ्यावरील लेख राजाची सत्ता तेथवर पोहोचली होती हे सिद्ध करतो. राजाचा जन्म तेथे झाला हे सिद्ध करीत नाही.

येथे नकाशा उघडून पाहावा. पैठणहून निघालेली गोदावरी नांदेडवरून, बोधनच्या परिसराजवळून पुढे कोटिलिंगालला जाते. पैठण ही मुळकांची राजधानी, आणि अश्मकांची राजधानी म्हणजे आजचे बोधन असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुत्तनिपातातील बावरीची कथा याच दोन देशांच्या सीमेवर, गोदेच्या काठी घडते, आणि त्याचे शिष्य तेथून निघून प्रथम प्रतिष्ठानास जातात. बलश्रीच्या यादीतही असक आणि मुळक लागोपाठ येतात. म्हणजे आज ज्या दोन स्थळांना आपण परस्परविरोधी साक्षीदार म्हणून उभे करतो, ती एकाच नदीच्या एकाच राजमार्गावरील गावे होती. त्यांच्यामधून जी सीमारेषा जाते, ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखली गेली. तोपर्यंत पैठण आणि कोंडापूर ही दोन्ही सातवाहन स्थळे एकाच हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याकडे होती. १९३७ मध्ये पैठणला आणि १९४१-४२ मध्ये कोंडापूरला उत्खनन झाले ते गुलाम यझदानी यांच्याच देखरेखीखाली. उत्खननकर्त्याला ही स्थळे एका संस्कृतीची वाटली; वाटणी पुढे आपण केली.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि खरा भावनेचा गुंता तेथेच आहे. सातवाहनांचे लेख जवळजवळ सर्वच प्राकृतात आहेत, मग ते नाशिकचे असोत की अमरावतीचे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि महाराष्ट्रीतून मराठी निघाली. यावरून राजे मराठी होते, असा आपला सरळ हिशेब. परंतु राजलेखाची भाषा ही घरची भाषा असतेच असे नाही. हैदराबादच्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. या शहरात शतकानुशतके दरबाराचे कागद फार्सीत आणि पुढे उर्दूत लिहिले गेले; त्यावरून मराठवाड्याच्या शेतकऱ्याची वा तेलंगणाच्या विणकराची मातृभाषा कोणी ठरवू गेले तर काय होईल?

सातवाहनांच्या दरबाराविषयीची आख्यायिकाही हेच सुचविते. कथासरित्सागरात गुणाढ्य पैजेत हरतो तेव्हा तो संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा अशा तीन भाषांचा त्याग करतो आणि पैशाचीकडे वळतो. ही कथा उत्तरकालीन आहे आणि इतिहास म्हणून तिला किंमत नाही. पण प्राकृत आणि देशभाषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही जाणीव तिच्यात स्पष्ट आहे.

याहून भक्कम पुरावा नाण्यांचा आहे. पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी आणि यज्ञश्री सातकर्णी यांची राजमुखांकित चांदीची नाणी द्वैभाषिक आहेत. एका बाजूस प्राकृत लेख, तर दुसऱ्या बाजूस ‘सिरि’च्या जागी ‘तिरु’ आणि पुत्र या अर्थी ‘मकण’सारखे शब्द असलेला लेख. ही दुसरी भाषा द्राविड वळणाची आहे, असे बहुतेकांचे मत. ती तमिळ, तेलुगु की दोहोंची पूर्वावस्था, याविषयी मतभेद आहेत, आणि ती प्राकृताचीच एक बोली मानणारेही आहेत. यज्ञश्रीचे चांदीचे नाणे १८८२ साली कोकणात, सोपाऱ्याच्या स्तूपात सापडले, हे आपण विसरू नये. राज्यकर्त्यांना आपल्या राज्यात दोन भाषाकुळे नांदतात याचे भान होते, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते.

हे नांदणे खुद्द गाथासप्तशतीतही दिसते. तीत सासूला ‘अत्ता’ म्हणतात, पोटाला ‘पोट्ट’ आणि तुपाला ‘तुप्प’. तेलुगुत सासूही ‘अत्त’ आणि आत्याही ‘अत्त’च, पोटाला ‘पोट्ट’, आणि कन्नडात तुपाला ‘तुप्प’. सासू आणि आत्या यांना एकच शब्द असण्याचे कारण आते-मामे भावंडांच्या विवाहाची दक्षिणी रीत, आणि मामाची मुलगी करण्याची चाल मराठी समाजालाही परकी नाही. जी महाराष्ट्री आपण मराठीची जननी म्हणून मिरवितो, तिच्या मुखात शेजारणीचे शब्द इतक्या सहजपणे रुळलेले आहेत. मराठी आर्यकुळातील आणि तेलुगु द्राविडकुळातील, तेव्हा त्यांचे नाते रक्ताचे नव्हे. ते दीर्घ सहवासाचे आहे, आणि म्हणून कमी खरे नव्हे. शिवाय या दोन्ही भाषा आपल्या आजच्या रूपाने लेखात अवतरतात त्या सातवाहन लयास गेल्यानंतर कितीतरी शतकांनी : तेलुगुचा कलमल्ल येथील लेख सहाव्या शतकातील, तर मराठीचा अक्षीचा लेख सामान्यतः शके ९३४ चा मानला जातो.

असा वाद केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, एडो आणि योरुबा या दोन थोर लोकसमूहांत अशीच तक्रार आहे. जेकब एघारेव्बा यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या बेनिनच्या इतिहासात नोंदलेली परंपरा सांगते की, जुन्या ओगिसो राजांची सत्ता संपल्यावर एडोंनी योरुबांच्या इफे नगरीहून ओरानमियान हा राजपुत्र मागविला आणि त्याच्या पुत्रापासून बेनिनचा राजवंश सुरू झाला. याच्या उलट, इफेचा आदिपुरुष ओदुदुवा हाच मुळात बेनिनहून परागंदा झालेला एकालादेरहान नावाचा राजपुत्र होय, असे एडो पक्षाचे म्हणणे. बेनिनचे राजे एरेदियाउवा यांनी २००४ सालच्या आपल्या आत्मवृत्तात ते ठामपणे मांडले. भाषाशास्त्राला विचारावे तर ते सांगते की एडो आणि योरुबा एकाच मोठ्या भाषाकुळातील स्वतंत्र शाखा आहेत. एकीतून दुसरी निघालेली नाही. म्हणजे राजा कोठून कोठे गेला याचे उत्तर काहीही येवो, लोकांच्या भाषेचे उत्तर त्यावर अवलंबून नाही. आमच्या प्रश्नालाही हीच कसोटी लागू पडते.

हे सर्व आज मांडण्याचे प्रयोजन आहे. २००८ साली तेलुगुला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही भाषांचे अभिमानी आपल्या प्राचीनतेची साक्ष काढताना सातवाहन काळाकडे बोट दाखवितात. अभिमान योग्यच आहे. परंतु एकाचा पुरावा हा दुसऱ्यावरील कुरघोडीचा पुरावा होऊ लागला म्हणजे इतिहास मागे पडतो आणि वर्गातील दोन बाकांमध्ये भिंत उभी राहते. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आम्ही गुढी उभारतो, ते उगादीची पच्चडी खातात, आणि उभयतांच्या पंचांगावर शालिवाहन शकच असतो. वस्तुतः इ. स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या या शकाला शालिवाहनाचे नाव हजाराहून अधिक वर्षांनी चिकटले, आणि ज्या क्षत्रपांशी सातवाहन पिढ्यान्‌पिढ्या झुंजले, त्यांच्याच लेखांत व नाण्यांवर ही कालगणना प्रथम रूढ झालेली दिसते. स्मृती कशी घडते याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना दुसरे देता येणार नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंना एवढीच सूचना की, ‘सातवाहन कोणाचे?’ असा प्रश्न वर्गात आला तर फळ्यावर तीन रकाने आखावेत : नाव, भूमी आणि भाषा. प्रत्येक रकान्यात पुराण काय म्हणते, शिलालेख काय म्हणतो आणि नाणे काय म्हणते ते मुलांकडूनच लिहवून घ्यावे. रकाने भरत जातील तसे मराठी विद्यार्थ्याच्या लक्षात येईल की सिमुकाचे नाणे तेलंगणात आहे, आणि तेलुगु विद्यार्थ्याच्या लक्षात येईल की सिमुकाची प्रतिमा नाणेघाटात होती. त्यानंतर वाद झाला तरी तो अभ्यासाचा वाद होईल, आणि तसा वाद वर्गात जरूर व्हावा.