जिवाणूजन्य सेल्युलोज : झाड न तोडता मिळणारा तंतू

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज काही जिवाणूही तयार करतात. फळाफुलांवर आढळणारा ‘कोमागाटाइबॅक्टर झायलिनस’ हा त्यांतील सर्वाधिक अभ्यासला गेलेला जिवाणू आहे. व्हिनेगरवर धरणारी चिवट साय सेल्युलोजची असल्याचे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एड्रियन ब्राउन यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले.

हा जिवाणू ग्लुकोजचे रेणू जोडून अतिसूक्ष्म तंतू पेशीबाहेर सोडतो. त्याला प्राणवायू लागत असल्याने द्रावणाच्या पृष्ठभागावर तंतूंचे जाळे विणले जाते. लाकडातील सेल्युलोज मिळवताना लिग्निन रसायनांनी वेगळे करावे लागते. या सायीत लिग्निन नसते. ती सौम्य अल्कलीने धुतली तरी पुरेसे शुद्ध सेल्युलोज हाती येते. पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे जखमा व भाजलेल्या त्वचेवरील पट्ट्यांसाठी ते वापरले जाते.

मोठ्या उत्पादनातील मुख्य अडथळा खर्चाचा आहे. साय धरण्यास अनेक दिवस लागतात आणि जिवाणूंना पुरवावयाचे पोषक द्रावण महाग पडते. त्यावर नारळपाण्याचा पर्याय पुढे आला. फिलिपिन्समधील ‘नाता दे कोको’ हा खाद्यपदार्थ त्यापासूनच बनतो, तर केरळमधील ‘मलाय’ हा उद्योग नारळपाण्यावर वाढवलेल्या सेल्युलोजपासून चामड्याला पर्यायी साहित्य तयार करतो. नारळाचे उत्पादन घेणाऱ्या कोकण आणि गोव्यातही हा कच्चा माल उपलब्ध आहे.