परदेशात समाजकार्य शिकायचे आहे? इंग्रजीची अट आधी समजून घ्या

पिंपळगाव बसवंतहून नाशिकला ये-जा करत बी.एस.डब्ल्यू. करणाऱ्या आणि पुढे परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

किती बँड लागतात?
आयईएल्टीएस परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. गुण 0 ते 9 बँडमध्ये मिळतात. विद्यापीठासाठी ‘अ‍ॅकॅडमिक’ प्रकारच द्यावा. इतर अनेक विषयांना 6.5 बँड चालतात. समाजकार्याला मात्र ब्रिटनमध्ये साधारणतः एकूण 7 आणि प्रत्येक भागात 6.5 मागतात, तर ऑस्ट्रेलियात बहुधा चारही भागांत 7. कारण या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कुटुंबांसोबत क्षेत्रकार्य असते. अहवाल लिहावे लागतात, मुलांच्या सुरक्षेचे निर्णय त्यावर ठरतात. सामाजिक धोरण किंवा विकास अभ्यास या विषयांना अट अनेकदा सौम्य असते, पण त्या पदवीवर तिथे समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणी होत नाही.

शिष्यवृत्तीशी संबंध
केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी विनाअट प्रवेशपत्र लागते. भाषेचे गुण बाकी असतील तर विद्यापीठ सशर्त पत्र देते आणि अर्ज तिथेच अडतो. अर्ध्या बँडने वर्ष जाऊ शकते. 2022 पासून या योजनेत भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषयही वगळले आहेत. जातीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांवर हा अन्याय आहे, असे आमचे मत आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 75 जागा आहेत. दोन्ही योजनांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत तपासाव्यात.

तयारी कशी करावी?
निकाल 2 वर्षे ग्राह्य असतो. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षी परीक्षा द्यावी, म्हणजे कमी गुण आले तरी पुन्हा बसता येते. एकाच भागाची फेरपरीक्षा आपले विद्यापीठ मान्य करते का, हे आधी विचारावे. ज्यांनी पदवीचे पेपर मराठीत लिहिले, त्यांना ‘इंग्रजी माध्यम’ दाखल्याचा आधार मिळत नाही. त्यांनी लेखनाचा सराव सर्वाधिक करावा. आपल्या क्षेत्रकार्याचा आठवड्याचा अहवाल इंग्रजीत लिहून शिक्षकांकडून तपासून घेणे, हा बिनखर्चाचा क्लास आहे.

बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मराठी घरातून आलेल्या मुलाला इंग्रजी परकी राहत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ही माहिती आपल्या विहारातील मुला-मुलींपर्यंत पोहोचवा.

जय भीम!