प्रफुल्ला डहाणूकर : निसर्गचित्राकडून मनोदृश्याकडे

मराठी समीक्षेत 'निसर्गकविता' हा शब्द जसा काहीशा सवलतीने उच्चारला जातो, तसाच चित्रकलेच्या चर्चेत 'निसर्गचित्र' हा शब्द. त्यात चित्रकर्ती स्त्री असली की सवलत दुप्पट होते. प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४) यांच्याविषयी आम्ही जे वाचत आलो, त्यात त्यांची माणसे जोडण्याची हातोटी आहे, नवोदितांना दिलेला आधार आहे, बॉम्बे आर्ट सोसायटीचे अध्यक्षपद आहे. चित्रांविषयी मात्र चार वाक्ये. ही वाटणी आम्हांला खटकते.

गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी १९५५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. १९६१ साली फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या. त्याआधी मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे आणि त्या एकाच स्टुडिओत काम करीत. गायतोंडे नागपुरात जन्मलेले, म्हणून आम्हां वैदर्भीयांना त्यांचा विशेष अभिमान. परंतु त्यांच्यावरील लेखनात प्रफुल्लाबाई बहुधा साक्षीदार म्हणून येतात. त्याच खोलीतल्या दुसऱ्या कॅनव्हासवर काय चालले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

तेथे काय घडत होते? परांडेकर, हळदणकर यांच्या जलरंगांची परंपरा मुंबईत मुरलेली होती. तीत स्थळ, प्रहर, प्रकाश यांना मान होता. डहाणूकरांनी स्थळच काढून घेतले. त्यांच्या चित्रांत पाणी, वाळू, आकाश यांचा भास होतो. गाव ओळखता येत नाही, माणूस दिसत नाही. मोजक्या रंगांचे विस्तीर्ण पट एकमेकांत विरत जातात. या चित्रांना 'माइंडस्केप' म्हटले जाई. आम्ही 'मनोदृश्य' म्हणू.

याला केवळ अमूर्ताची तत्कालीन लाट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र येथे मर्ढेकर आठवावेत. 'सौंदर्य आणि साहित्य' हा त्यांचा ग्रंथही १९५५ चाच. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे कवितेवर लावताना आपली बरीच ओढाताण होते, कारण शब्दांचा अर्थ आडवा येतो. या चित्रांत ती तत्त्वे विनासायास दिसतात : दोन निकटच्या छटांचा संवाद, मध्येच उमटलेल्या एखाद्या उष्ण रंगाचा विरोध. तरीही निव्वळ आकृतिवाद येथे पुरत नाही, असे आमचे मत आहे. नाव न घेतलेली भूमी चित्रात उरतेच. फाल्गुनात यवतमाळकडचे पानगळीतले सागवन दुरून पाहावे. झाडे हरवतात, राखी आणि तपकिरी पट्टे तेवढे राहतात, आणि तरी ते रान आपलेच असते. गोव्यात जन्मलेल्या चित्रकर्तीची चित्रे आमच्या काळ्या मातीतल्या विद्यार्थ्याला परकी वाटत नाहीत, ती यामुळे.

१ मार्च २०१४ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि मराठीतही त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. ते योग्यच झाले. डहाणूकरांच्या चित्रांवर मात्र सलग, चित्रागणिक लिहिलेले समीक्षापर लेखन वर्गात हाती द्यावे म्हटले, तर आमच्यापाशी अजूनही आहेत त्या बहुतांशी आठवणीच.